भिजलेला लॅपटॉप : निदान, दुरुस्ती आणि ध्वनिमुद्रणांचे रक्षण

१. प्रास्ताविक

भाषाभ्यासाला वाहिलेल्या या पत्रिकेत यंत्राच्या दुरुस्तीवरील लेख पाहून वाचकांस किंचित आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या सामग्रीच्या आधारावर आपले प्रबंध उभे राहतात ती आज कोणत्या वस्तूत साठविलेली असते, याचा विचार केला म्हणजे हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा नाही हे पटेल. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तके १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्या पिढीतील अभ्यासकांची टिपणे मुख्यतः कागदावर असत. कागद भिजला तर शाई पसरे. पण पाने सुटी करून सावलीत वाळविली की बराचसा मजकूर लागत असे, आणि काय गेले व काय राहिले हे निदान डोळ्यांना दिसत असे. लॅपटॉपची गोष्ट निराळी आहे. वरून कोरडा दिसणारा लॅपटॉप आतून झिजत असतो आणि पुष्कळदा मालकाने सद्धेतूने केलेल्या एखाद्या कृतीनेच तो कायमचा निकामी होतो.

या लेखाला निमित्त झालेली घटना गडहिंग्लज तालुक्यातील आहे. तालुक्याच्या पूर्व भागात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा घरोघरी चालतात. तेथील वृद्ध स्त्रियांच्या मराठीवर कानडी वाक्यरचनेचे जे ठसे उमटले आहेत त्यांचा अभ्यास एक विद्यार्थिनी माझ्या मार्गदर्शनाखाली करीत होती. ऐंशी वर्षे ओलांडलेल्या एका आजींच्या बोलण्याची चौदा बैठकांतील ध्वनिमुद्रणे तिने घेतली होती. ती सर्व एकाच लॅपटॉपमध्ये होती. कारण प्रत्येक बैठकीनंतर ध्वनिमुद्रकातील कार्ड पुढच्या बैठकीसाठी रिकामे करण्याची तिची रीत होती. चौदाव्या बैठकीच्या दिवशी सायंकाळी ती आजींना काही शब्दांचे अर्थ विचारून लॅपटॉपवर टिपून घेत असता गुळाच्या चहाचा पेला की-बोर्डवर कलंडला.

पुढे जे घडले ते क्रमाने सांगतो. तिने ओढणीने चहा पुसला. लॅपटॉप मिटला आणि उलटा करून ठेवला. रात्री गडहिंग्लजला खोलीवर आल्यावर तो तांदळाच्या डब्यात पुरला. सकाळी बटण दाबून पाहिले तेव्हा दिवा क्षणभर लागून विझला. मग चार्जर जोडून तिने आणखी तीन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. या कृतींपैकी पुसणे व उलटा ठेवणे या दोन योग्य होत्या. मिटून ठेवणे, तांदळात पुरणे आणि पुन्हा चालू करून पाहणे या तिन्हींनी हानी वाढविली. असे का व्हावे, हे समजून घेणे हाच या लेखाचा विषय होय.

२. ‘बंद’ या शब्दाचा घोटाळा

मी तिला पहिला प्रश्न विचारला, “लॅपटॉप लगेच बंद केला होतास का?” ती म्हणाली, “हो सर, लगेच.” हे उत्तर प्रामाणिक होते, आणि तरीही चुकीचे होते. दोष तिच्यापेक्षा माझ्या प्रश्नातील शब्दाचा अधिक होता.

मराठीत दुकान बंद होते, घड्याळ बंद पडते, दिवा बंद करतात. या सर्व प्रयोगांत चालणारी क्रिया थांबली एवढाच अर्थ अभिप्रेत असतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र ‘बंद’ या एका शब्दाखाली तीन भिन्न अवस्था झाकल्या जातात. पहिली अवस्था निद्रेची. झाकण मिटले की पडदा मालवतो, पण तात्पुरत्या स्मृतीला वीज मिळतच राहते; ती मिळाली नाही तर उघडलेले काम नाहीसे होईल. दुसरी अवस्था रीतसर बंद केल्याची. या अवस्थेतही बॅटरी जोडलेली असल्यामुळे मदरबोर्डवरील ३.३ व ५ व्होल्टच्या काही वाहिन्या साधारणपणे जिवंत राहतात. बटण दाबल्याची दखल घेण्यासाठी कोणीतरी जागे असावे लागते. तिसरी अवस्था खऱ्या अर्थाने निर्वीज होण्याची. चार्जर काढला आणि बॅटरीची जोडणीही सोडविली म्हणजे ती येते. तेव्हाही अनेक यंत्रांत घड्याळासाठी बसविलेली ३ व्होल्टची बटणासारखी छोटी बॅटरी उरतेच. तीही काढावी लागते.

आमच्या विद्यार्थिनीचा लॅपटॉप रात्रभर पहिल्या अवस्थेत होता. तिच्या दृष्टीने तो बंद होता. विजेच्या दृष्टीने तो चालू होता. भिजलेल्या यंत्राविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ती हीच होय. यंत्राचा नाश ओल, वीज आणि वेळ या तिहींच्या संयोगाने होतो. ओल काढावयास वेळ लागतो आणि गेलेला वेळ परत येत नाही. तत्क्षणी आपल्या हाती असते ती केवळ वीज तोडणे.

३. पाणी नेमके काय करते

शुद्ध पाणी विजेचे फार वाईट वाहक आहे. परंतु आपल्या पेल्यातील पाणी शुद्ध नसते. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात क्षार असतात. चहात त्याखेरीज दुधातील प्रथिने व खनिजे असतात. आणि गुळात साखरेपेक्षा खनिजांचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. हे क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे आयन होतात आणि द्रव वीज वाहू लागतो.

आजच्या मदरबोर्डवर दोन जोडण्यांमधील अंतर मिलिमीटरच्या काही दशांशांइतके, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी असते. एका जोडणीवर १९ व्होल्ट आणि शेजारच्या जोडणीवर शून्य, अशा दोहोंवर चहाचा एक थेंब पसरला म्हणजे तेथे लहानसे विद्युत् अपघटन सुरू होते. धनाग्राच्या बाजूचा धातू, म्हणजे तांबे, कथील किंवा चांदी, आयनरूपाने विरघळतो, द्रवातून प्रवास करतो आणि ऋणाग्रावर पुन्हा धातूच्या रूपाने बसतो. बसताना तो सपाट थर करीत नाही. झाडाच्या फांद्यांप्रमाणे बारीक तंतू वाढतात. हे तंतू समोरच्या जोडणीला भिडले की द्रव वाळून गेल्यावरही धातूचा पूल शिल्लक राहतो. अनुकूल परिस्थितीत ही वाढ काही मिनिटांत होऊ शकते. उलट बाजूस, जेथून धातू गेला तेथील बारीक रेषा तुटते. अशा रीतीने नको तेथे जोड आणि हवी तेथे तूट, हे दोन्ही दोष एकाच क्रियेतून संभवतात.

दुसरी क्रिया मंद आहे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले म्हणजे ते कळकते, हे आपल्या घरांतून पूर्वी सर्वांना ठाऊक होते आणि म्हणूनच भांड्यांना कथलाची कल्हई करीत असत. मदरबोर्डवर तांब्याच्या रेषा व कथिलाचे सोल्डर असल्यामुळे तेथेही हेच घडते. तांब्यावर हिरवा-निळा कळंक चढतो आणि सोल्डरवर पांढुरकी, भुकटीसारखी साय येते. ही क्रिया वीज तोडल्यानंतरही, ओल व क्षार असेपर्यंत, दिवसेंदिवस चालू राहते.

साखरेविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. साखर स्वतः विजेची वाहक नाही. तिचा उपद्रव निराळा आहे: ती चिकटून बसते आणि हवेतील ओल धरून ठेवते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत गडहिंग्लजसारख्या गावी मीठ डब्यात पाझरते, त्याच हवेत गोड चहाचा सुकलेला डाग पुन्हा ओला होतो. चहा सांडल्यावर महिनाभर नीट चाललेला लॅपटॉप पावसाळ्यात एकाएकी का बंद पडतो, याचे उत्तर येथे आहे.

४. पहिल्या काही मिनिटांतील कृती

वरील विवेचनावरून तातडीने काय करावे हे आपोआप निष्पन्न होते. भिंतीवरील बटण प्रथम बंद करावे आणि मग चार्जर काढावा; हात कोरडे असावेत. लॅपटॉपचे चालू करण्याचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे यंत्र सक्तीने थांबते. न जतन केलेले काम या वेळी जाईल; ते जाऊ द्यावे. बाहेरून निघणारी बॅटरी असल्यास ताबडतोब काढावी. त्यानंतर लॅपटॉप उघडा ठेवून, की-बोर्डची बाजू खाली येईल अशा रीतीने, तंबूप्रमाणे टेबलाच्या कडेवर ठेवावा. की-बोर्डच्या खालीच मदरबोर्ड असल्याने द्रव खोल उतरण्याऐवजी आल्या वाटेने परत निघावा हा हेतू. यंत्र हलवू किंवा झटकू नये. द्रव आजवर कोरड्या राहिलेल्या भागात पसरतो.

अलीकडच्या बहुतेक यंत्रांत बॅटरी आत असते. खालचे झाकण स्क्रूंनी बसविलेले असते, आणि योग्य स्क्रू-ड्रायव्हर असेल तर ते काढून बॅटरीची जोडणी सोडविणे अवघड नाही. ते साधत नसेल तर त्याच दिवशी कारागिराकडे न्यावे आणि ‘प्रथम बॅटरी सोडवा’ एवढीच विनंती करावी. बॅटरी फुगलेली, गरम किंवा उग्र वासाची आढळली तर तिला हात न लावता यंत्र घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावे. लिथियम बॅटरीची आग साधी नसते.

तांदळाचा उपाय सर्वत्र सांगितला जातो म्हणून त्याविषयी दोन शब्द. तांदूळ हवेतील ओल फार मंदगतीने शोषतो. यंत्राच्या पोटात, चिपच्या खाली केशाकर्षणाने अडकलेल्या द्रवापर्यंत त्याची पोच नाही. आणि क्षार व साखर तर तो मुळीच काढीत नाही. उलट त्याची पिठी फटींत शिरते. ॲपल कंपनीनेही २०२४ मध्ये भिजलेला फोन तांदळात ठेवू नये अशी स्पष्ट सूचना केली. तांदळाचा खरा दोष मात्र वेगळा आहे. आपण काही उपाय केला आहे असे समाधान तो देतो, आणि त्या समाधानात बॅटरी जोडलेली राहून एक रात्र निघून जाते. केस वाळविण्याच्या यंत्राचा गरम झोत आणि कडक ऊन यांनी द्रव आत ढकलला जातो किंवा प्लॅस्टिक वाकते, म्हणून तेही वर्ज्य होत.

सर्वांत मोठा मोह ‘चालू होतो का पाहू’ हा. ओल असलेल्या मदरबोर्डला वीज देणे म्हणजे वर सांगितलेल्या अपघटनाला नव्याने चालना देणे. आत साफसफाई झाल्याखेरीज हा प्रयोग करू नये.

५. यंत्र आणि सामग्री यांचा विवेक

दुरुस्तीपूर्वी एक प्रश्न सोडविला पाहिजे: आपल्याला लॅपटॉप हवा आहे की त्यातील सामग्री? दुकानात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना यंत्र हवे असते. संशोधकाचे उत्तर उलट असावयास पाहिजे. मदरबोर्ड बदलून मिळतो. आजींचा आवाज मिळत नाही.

अनेक लॅपटॉपांत साठवणीचे साधन, मग ती जुनी फिरती हार्ड डिस्क असो की नवी पट्टीसारखी एसएसडी असो, सुटे निघते. ते प्रथम काढून, आवश्यक तर स्वच्छ करून, बाहेरील खोक्यात बसवून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. त्यातून सर्व फायली दोन ठिकाणी उतरवून घ्याव्यात आणि मगच मदरबोर्डला हात लावावा. हस्तलिखित धुऊन स्वच्छ करण्यापूर्वी त्याची प्रत करून घ्यावी, याच जातीचा हा नियम आहे.

येथे दोन अडचणी येतात. पहिली कुलुपाची. अनेक नव्या यंत्रांत सर्व सामग्री गूढलिपीत साठविली जाते आणि तिची किल्ली मदरबोर्डवरील एका चिपमध्ये असते. विंडोजच्या बिटलॉकर योजनेत पट्टी दुसऱ्या यंत्राला जोडली की ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागितली जाते. मालकाला ती असल्याचे बहुधा ठाऊकही नसते. आमच्या प्रसंगी नेमके हेच झाले. पट्टी सुखरूप होती, पण वाचता येईना. दोन दिवसांच्या शोधानंतर ती किल्ली विद्यार्थिनीच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आपोआप नोंदविलेली सापडली. चौदाही ध्वनिमुद्रणे अखंड मिळाली.

दुसरी अडचण अधिक कठीण आहे. काही यंत्रांत साठवणीच्या चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेल्या असतात. ॲपलच्या गेल्या काही वर्षांतील लॅपटॉपांत त्या मुख्य सुरक्षा-चिपशी गूढलिपीने बांधलेल्याही असतात. अशा वेळी सामग्री बाहेर काढण्याचा मार्ग एकच उरतो: तोच मदरबोर्ड, एकदा का होईना, जिवंत करणे. तेथे ‘बोर्ड बदलून देतो’ असे कोणी म्हणाले तर ते सामग्रीवर पाणी सोडण्यासारखे आहे, हे ध्यानात ठेवावे.

६. निदान

निदानाची सुरुवात प्रश्नांनी होते. काय सांडले, किती, केव्हा, त्या वेळी चार्जर जोडला होता का, नंतर किती वेळा चालू केला, या प्रश्नांची उत्तरे उपकरणांच्या मापनांइतकीच मोलाची असतात. क्षेत्रीय अभ्यासात निवेदकाला सूचक प्रश्न विचारू नयेत असे आपण शिकवितो. तो दंडक येथेही लागू आहे. गिऱ्हाईक संकोचाने “आपोआपच बंद पडला” असे सांगते. गडहिंग्लजच्या कारागिराने झाकण उघडून एकवार पाहिले आणि म्हटले, “ताई, खरं सांगा, च्या सांडलाय न्हवं?” त्याने पुरावा आधी पाहिला आणि प्रश्न नंतर विचारला.

दुसरी पायरी निरीक्षणाची. कित्येक यंत्रांत पाणी लागताच रंग बदलणाऱ्या पांढऱ्या टिकल्या चिकटविलेल्या असतात. त्या तांबड्या झाल्या म्हणजे ओल तेथवर पोहोचली. न झाल्या म्हणजे ती कोठेच पोहोचली नाही, असे मात्र सिद्ध होत नाही. मग भिंगाखाली कळंक, पांढरी साय, चिकट डाग आणि जळके ठिपके शोधावयाचे. जोडण्यांच्या खाली व चिपच्या कडांशी विशेष लक्ष द्यावे लागते. आमच्या यंत्रात चार्जरच्या जोडणीजवळ आणि की-बोर्डच्या चपट्या पट्टीच्या तोंडाशी हिरवट थर दिसला.

तिसरी पायरी मापनाची, आणि ती वीज न देता सुरू होते. मल्टिमीटरने मुख्य वाहिनी व भूमी यांमधील विद्युत्रोध मोजतात. निरोगी मुख्य वाहिनीवर तो हजारो ओहम किंवा त्याहून अधिक असतो. तो एखाद्या ओहमपर्यंत खाली आला असेल तर वाहिनी भूमीला भिडली आहे. दुकानाच्या भाषेत ‘शॉर्ट’ आहे. पण प्रत्येक कमी आकडा दोषाचा नसतो. प्रोसेसरला सुमारे १ व्होल्ट देणाऱ्या वाहिनीचा रोध निरोगी अवस्थेतही अगदी थोडा असतो. नवशिका येथे फसतो आणि चांगला प्रोसेसर मेला असे ठरवितो. म्हणून आकड्याचा अर्थ त्याच्या जागेवरून लावावा लागतो. एकच वर्ण दोन संदर्भांत दोन कार्ये करतो, तसेच हे.

चार्जर स्वतःही साक्ष देतो. तो जोडताच त्याचा दिवा विझत असेल तर पुढे शॉर्ट असल्याने त्याने आपले रक्षण केले, असा अर्थ होतो. दिवा राहतो पण यंत्र हूं की चूं करीत नाही, तेव्हा ३.३ व ५ व्होल्टच्या वाहिन्या तपासाव्यात. त्या जिवंत असतील तर संशय बटणाकडे वळतो. अनेक यंत्रांत चालू करण्याचे बटण की-बोर्डचाच भाग असते आणि भिजलेला की-बोर्ड ते कायमचे दाबलेले असल्याचा आभास निर्माण करतो. यंत्र चालते पण पडदा काळा दिसतो, तेव्हा विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून पाहावे. अंधुक चित्र दिसले तर प्रतिमा शाबूत असून मागचा उजेड गेला आहे. त्या उजेडाची वाहिनी सामान्यतः इतर वाहिन्यांपेक्षा वरच्या व्होल्टची असते आणि तिचे टोक त्याच अरुंद जोडणीत असते, म्हणून ओल येथे लवकर घात करते.

शॉर्ट आहे हे कळले, पण कोठे? एका वाहिनीवर डझनावारी कपॅसिटर समांतर जोडलेले असतात आणि मीटरला ते सर्व एकच दिसतात. तेव्हा कारागीर नियंत्रित पुरवठ्यातून सुमारे १ व्होल्ट, म्हणजे वाहिनीच्या नेहमीच्या दाबापेक्षा पुष्कळ कमी, त्या वाहिनीत सोडतो. प्रवाह दोषी घटकातून वाहतो आणि तो तापतो. उष्णता दाखविणारा कॅमेरा असेल तर तो घटक पडद्यावर चमकतो. नसेल तर बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर देतात. जेथून ते सर्वांआधी उडून जाते तेथे दोष. आमच्या कारागिराकडे कॅमेरा नव्हता. त्याने ही दुसरी रीत वापरली आणि तांदळाच्या कणीहून लहान असा एक कपॅसिटर दोन मिनिटांत दाखविला.

७. दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

दुरुस्तीचा मोठा भाग स्वच्छतेचा असतो. मदरबोर्ड पूर्ण सुटा करून, त्यावरील धातूची झाकणे काढून, ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रश यांनी डाग घासून काढतात. अल्कोहोल पाण्यात मिसळते, चिपखाली शिरून तेथील ओल बाहेर आणते आणि मागे काही न ठेवता उडते. ते ज्वालाग्राही असल्याने जवळ ज्योत किंवा ठिणगी नसावी. मात्र साखर व क्षार अल्कोहोलात फारसे विरघळत नाहीत. त्यांसाठी आधी ऊर्ध्वपातित पाण्याने धुणे योग्य ठरते. भिजलेले यंत्र पुन्हा पाण्याने धुवावयाचे हे ऐकताना विचित्र वाटते, पण वीज पूर्ण तोडलेली असताना शुद्ध पाणी निरुपद्रवी असते. मोठ्या दुकानांत श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या कुंडात बोर्ड धुतात. बॅटरी, पडदा, पंखा, ध्वनिक्षेपक व हार्ड डिस्क यांना या कुंडात कधीही घालू नये. शेवटी मंद उष्णतेवर कित्येक तास वाळवितात.

त्यानंतर दोषी घटक बदलतात. वाहिनीवरील अनेक समांतर कपॅसिटरांपैकी एक काढला तरी बहुधा यंत्र चालते. तथापि तेथे नवा बसविणे हेच योग्य. तुटलेल्या रेषेवर केसासारखी तार जोडतात. की-बोर्ड दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. त्यात छापील वाहक रेषांचे पातळ प्लॅस्टिकचे थर असतात. त्यांच्यामध्ये गेलेला गोड चहा निघत नाही. की-बोर्ड बदलणे स्वस्त पडते.

आमचा लॅपटॉप कपॅसिटर व की-बोर्ड बदलल्यावर चालू झाला, आणि अद्याप चालतो. तरीही त्यावर एकमेव प्रत ठेवण्यास मी विद्यार्थिनीला मनाई केली आहे. चिपच्या खाली, जेथे भिंग पोहोचत नाही, तेथे क्षरण चालू आहे की नाही हे सांगता येत नाही. भिजलेले यंत्र ‘बरे झाले’ असे म्हणण्यापेक्षा ‘सध्या चालते’ असे म्हणणे अधिक काटेकोर होय.

८. पुरात सापडलेली यंत्रे

पेलाभर चहाची ही कथा झाली. आपल्या जिल्ह्याला याहून मोठ्या ओलीचा अनुभव आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत कोल्हापूर येथे राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर मजल मारली. इकडे आंबोलीजवळ उगम पावून आजऱ्यावरून येणारी हिरण्यकेशी चढली की गडहिंग्लजजवळचा भडगावचा पूल पाण्याखाली जातो आणि चंदगडकडची वाट अडते. अशा दिवसांत यंत्र कारागिराकडे त्याच दिवशी नेणे अनेकांना अशक्य असते.

पुराच्या पाण्यात गाळ व सांडपाणी असते आणि यंत्र त्यात तासन्‌तास बुडलेले असते. त्याला घरी वीज देण्याचा विचारही करू नये. बॅटरी सुटी करता आली तर करावी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मात्र वाळवू नये. तिच्या वेष्टनाला हवेसाठी बारीक छिद्र असते. त्यातून शिरलेला गाळ वाळला की तबकडीवर घट्ट बसतो. अशी डिस्क ओलसर फडक्यात गुंडाळून, बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सामग्री-पुनःप्राप्तीची सोय असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठविणे हा मान्य मार्ग आहे.

यंत्र गेले म्हणजे सामग्री गेली असे नव्हे, याचे एक विलक्षण उदाहरण उपलब्ध आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीच्या वातावरणात शिरताना नष्ट झाले. त्यातील एक जळकी, चेपलेली हार्ड डिस्क सुमारे सहा महिन्यांनी एका आटलेल्या तळ्याच्या पात्रात सापडली. तिच्यातील सुमारे ९९ टक्के सामग्री तज्ज्ञांनी वाचून काढली आणि झेनॉन वायूवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात असे प्रयत्न खर्चाचे असतात आणि प्रत्येक डिस्कला ते भाग्य लाभत नाही.

९. समारोप

या सर्वांतून संशोधकाने घ्यावयाचा बोध थोडक्यात मांडता येतो. एक तास द्विमार्गी ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या प्रमाणावर केले तर सुमारे १ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे चाळीस तासांची सामग्री खिशातल्या एका स्वस्त पेनड्राइव्हवर मावते. असे असता एकच प्रत ठेवण्याचे कारण जागेची टंचाई हे असू शकत नाही. ते सवयीचे आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक अन्य गावी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला दंडक आपल्या विभागातील प्रत्येक क्षेत्रीय अभ्यासकाने पाळावा. दुसरी प्रत झाल्याखेरीज ध्वनिमुद्रकातील कार्ड पुसू नये. कुलुपाची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. आणि चहाचा पेला लॅपटॉपच्या टेबलावर न ठेवता खाली जमिनीवर ठेवावा.

प्रारंभी सांगितलेल्या घटनेचा शेवट सांगणे राहिले. लॅपटॉप दुकानात असतानाच आजी आजारी पडल्या आणि त्या पावसाळ्यातच निवर्तल्या. त्यांच्या चौदा बैठका आता चार ठिकाणी सुरक्षित आहेत. परंतु त्या शेवटच्या सायंकाळी त्यांनी सांगितलेले सुमारे साठ शब्दांचे अर्थ विद्यार्थिनीने टिपले होते, पण जतन केले नव्हते. ते तात्पुरत्या स्मृतीत होते आणि वीज जाताच गेले. ते चहाने नेले असे म्हणता येणार नाही. दर दहा मिनिटांनी जतन करण्याची सवय असती तर बहुतेक अर्थ त्या पट्टीवर सापडले असते. काही शब्दांचे अर्थ शेजारच्या वृद्धांकडून मिळाले, काहींविषयी मतभेद झाला. प्रबंधाच्या परिशिष्टातील शब्दसूचीत उरलेल्या एकोणीस शब्दांसमोर अर्थाचा रकाना आम्ही कोरा ठेवला आहे.